दहावा परिच्छेद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि प्रथम आठवली ती प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे सूक्ष्म विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई. दहावीच्या वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे एका तारेतील प्रवाहामुळे शेजारच्या तारेत प्रवाह निर्माण होण्याचा, प्रयोग चालला होता. एका लाकडी नळीवर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळलेली होती. एकाला बॅटरी जोडली होती, दुसऱ्याला गॅल्व्हानोमीटर. सरांनी कळ दाबताच सुई किंचित हलली आणि लगेच शून्यावर परतली. कळ सोडताच ती उलट दिशेला हलून पुन्हा शून्यावर आली. प्रवाह चालू असताना सुई स्थिर का राहते, असे सरांनी विचारले तेव्हा मी पाठ्यपुस्तकातील नियम घडाघडा म्हणून दाखवला. सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. आता, असा नियमच नव्हता तेव्हा ज्याने हे पाहिले, त्याने काय लिहून ठेवले आहे ते ऐक." आणि त्यांनी इंग्लिश वैज्ञानिक मायकेल फॅरडे यांच्या 'एक्सपेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी' या ग्रंथातील काही परिच्छेद मराठीत उलगडून सांगितले.

फॅरडे यांनी 1831 पासून रॉयल सोसायटीला सादर केलेले निबंध या ग्रंथाच्या तीन खंडांत आहेत. ते 1839, 1844 आणि 1855 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असून ही गणती तीन हजारांच्या पुढे जाते. गणित जवळजवळ नाहीच. सरांनी त्या दिवशी सांगितला तो दहावा परिच्छेद. त्याआधीच्या परिच्छेदांत कमी शक्तीची बॅटरी वापरली आहे आणि सुई जागची हललेली नाही, हेही फॅरडे यांनी नोंदवले आहे. दहाव्या परिच्छेदात ते 203 फूट तांब्याची तार लाकडी ठोकळ्यावर गुंडाळतात, तिच्या फेऱ्यांमधून तेवढ्याच लांबीची दुसरी तार नेतात आणि पट्ट्यांच्या 100 जोड्यांची बॅटरी जोडतात. तेव्हा कुठे जोडणीच्या आणि तोडणीच्या क्षणी अगदी बारीकसा परिणाम दिसतो. प्रवाह अखंड वाहत असताना मात्र काहीच नाही. स्थिर प्रवाहाचा स्थिर परिणाम शोधायला निघालेल्या माणसाने, अपेक्षेत न बसणाऱ्या त्या क्षणिक हालचालीकडे दुर्लक्ष केले नाही. पाठ्यपुस्तकातल्या नियमात ही गोष्ट मला कधीच दिसली नव्हती.

पुढे विद्युत अभियंता झालो आणि माझे सारे आयुष्य रोहित्रांच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) सहवासात गेले. मऊ लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून फॅरडे यांनी 29 ऑगस्ट 1831 रोजी जो प्रयोग केला, त्या कड्याचा रोहित्र हा थेट वंशज आहे. त्यामुळे हा ग्रंथ मी आदरापोटी नव्हे, तर कामाचे पुस्तक म्हणून पुन्हा पुन्हा उघडला. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान मात्र अपयशाचे आहे. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांच्यात संबंध असावा, या दृढ विश्वासाने फॅरडे यांनी वस्तू उंचावरून खाली सोडून प्रयोग केले आणि 1850 मध्ये निष्कर्ष नकारात्मक असल्याचे स्पष्ट लिहिले. तरीही त्या संबंधावरचा आपला विश्वास डळमळलेला नाही, मात्र त्याचा पुरावा हाती आलेला नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. पुरावा आणि विश्वास यांना इतक्या प्रामाणिकपणे वेगळे ठेवणारे लेखन मी क्वचितच वाचले आहे.

स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी फॅरडेंचे हे संशोधन पूर्ण वाचल्याशिवाय विजेवरचे गणिती लेखन वाचायचे नाही, असा निश्चय केला होता. 1873 च्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात त्यांनी फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअर यांच्या, विद्युतप्रवाहांमधील बलाविषयीच्या सिद्धांताचे मनापासून कौतुक केले आहे, पण आंपेअर यांनी इमारत उभी राहिल्यावर परांचीची खूणही ठेवली नाही, असेही म्हटले आहे. फॅरडे मात्र फसलेले प्रयोग आणि कच्च्या कल्पनाही दाखवतात. मॅक्सवेल यांचे स्वतःचे लेखन वाचणे सोपे नाही. 1865 च्या त्यांच्या निबंधात वीस समीकरणे आहेत; आज आपण शिकतो ते आटोपशीर रूप हेविसाइड यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनी घडवले. पण त्या वीस समीकरणांतून जाताना, फॅरडे यांनी कल्पिलेल्या बलरेषांच्या, म्हणजे चुंबकाभोवतीच्या बलाची दिशा दाखवणाऱ्या रेषांच्या, चित्राचे गणित होताना दिसते.

या ग्रंथांतले सगळेच टिकले असे नाही. मॅक्सवेल यांचा ईथर, म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारे मानलेले सर्वव्यापी माध्यम, गेला. इंग्लिश वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 मधल्या चुंबकावरच्या आपल्या ग्रंथात पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक असल्याचे गोलाकार चुंबकदगडावर दाखवले, पण पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचे कारणही चुंबकत्वच मानले, आणि ते चुकीचे ठरले. तरीही, हिऱ्याने लोखंडाला चुंबकत्व येते या समजुतीच्या परीक्षेसाठी कित्येक हिरे घेऊन, साक्षीदारांसमोर, बुचाच्या आधाराने पाण्यावर तरंगणाऱ्या तारांवर त्यांनी केलेला प्रयोग आजच्या विद्यार्थ्यालाही जसाच्या तसा शिकवण्याजोगा आहे.

फॅरडे यांच्या ग्रंथाचे तिन्ही खंड मी या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. पहिल्या खंडात दहाव्या परिच्छेदाशी एक कागद ठेवला आहे. त्यावर सरांनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न लिहिला आहे, उत्तर लिहिलेले नाही.