आवाज गियरबॉक्सचा की मागचा? चेन काढून बघितली (भाग ३)

मंडळी, मागच्या वेळी म्हणालो होतो की गाडीतून एक नाही, तीन आवाज येतायत आणि तिन्ही एकदम ऐकू आले की काहीच सुचत नाही. गाडी तीच, एका सिलिंडरची लांब पल्ल्याची मोटरसायकल (सिंगल सिलिंडर टूरर), पाच गियर, ४३ हजार किमी झालेली. जुलैत ताम्हिणीतून दिवेआगर-श्रीवर्धन करून आलो आणि तेव्हापासून हे सुरू झालं. दोन गॅरेजला दाखवली, दोन्हीकडे ऐकायला मिळालं की गियरबॉक्स गेलाय, इंजिन उतरवून खोलावं लागेल. मला ते काही पटेना कारण गियर एकदाही सुटला नव्हता, आणि ऑइल काढलं तेव्हा ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नुसती राखाडी पेस्ट होती, तुकडा एकही नाही.

शनिवारी सकाळी सहाला दिवे घाट चढून वरच्या सपाट रस्त्याला गेलो, ट्रॅफिक नसतं. पहिला आवाज, ६० च्या स्पीडला घूंऽऽ असा येतो तो. तिसऱ्यात ६०, चौथ्यात ६०, पाचव्यात ६०, सूर तोच. मग क्लच दाबला, इंजिन आयडलला आलं तरी आवाज चालूच, फक्त जरा बारीक झाला आणि स्पीड उतरला तसा तोही उतरत गेला. म्हणजे इंजिनच्या आरपीएमशी त्याचा संबंध नाही, चाकाशी आहे. पण इथे एक लक्षात घ्या, गियरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट (चेन फिरवणारा दांडा) पण चाकाबरोबरच फिरत असतो, त्यामुळे एवढ्यावर गियरबॉक्स ठीक आहे असं म्हणता येत नाही.

म्हणून घरी येऊन सेंटर स्टँडला लावली, चेनच्या जोडाचं लॉक काढून चेन पूर्ण उतरवली आणि इंजिन चालू करून पाचही गियर टाकून बघितले, मोठा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून पुढच्या स्प्रॉकेटजवळच्या (चेन ज्या दातेरी चाकावर फिरते ते) केसवर टेकवला. (फिरत्या स्प्रॉकेटपासून बोटं आणि बाह्या लांब ठेवा.) एकदम गुळगुळीत, काही नाही! लोड नाहीये हे मान्य, तरी आउटपुट बेअरिंग गेलेलं असतं तर इथे थोडंतरी खरखरलं असतं. खरं सांगतो, तिथेच खाली बसून पाच मिनिटं नुसता गाडीकडे बघत होतो, इतकं बरं वाटलं.

मग मागचं चाक काढलं. चाकाची दोन्ही बेअरिंगं ठीक. पण स्प्रॉकेट ज्या हबवर बसतं त्याच्यात तिसरं बेअरिंग असतं ना, त्यात बोट घालून फिरवलं तर वाळू भरल्यासारखं लागलं आणि सील उचकटल्यावर आत तांबडं पाणी. चेनचा सगळा ताण त्याच्यावर येतो, म्हणूनच थ्रॉटल दिला की आवाज वाढायचा. श्रीवर्धनहून आल्यावर मी प्रेशरने धुतली होती, फवारा सरळ हबवर मारला होता, तेव्हाच पाणी शिरलं असणार. नाना पेठेतून ६२०५ टू आरएस (दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं) आणलं, २५ बाय ५२ बाय १५ मिमी, बसवलं. घूं गेला. बेअरिंग बदलायला सांगाल तेव्हा हे तिसरं बेअरिंग नाव घेऊन सांगा, बरेचदा चाकातली दोनच बदलतात आणि हे तसंच राहतं.

दुसरा आवाज, हळू चालवताना टक्... टक्. हा मोजून सापडला. चेन परत चढवली, टायरवर खडूने खूण केली, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवत किती फेऱ्यांनी टक् होतं ते मोजलं. माझं स्प्रॉकेट १५/३८, म्हणजे पुढे १५ दात आणि मागे ३८, चेन ११० लिंकची. चाकाच्या प्रत्येक फेरीला टक् आलं असतं तर मागचं स्प्रॉकेट किंवा चाक, एका फेरीत अडीच वेळा आलं असतं तर पुढचं स्प्रॉकेट. माझ्याकडे जवळजवळ तीन फेऱ्यांनी एकदा येत होतं, आणि ११० भागिले ३८ म्हणजे २.९, चेनची अख्खी एक फेरी! तीन लिंक जाम निघाल्या, खारट हवेने गंजलेल्या, वाकवल्या की वाकलेल्याच राहायच्या. २० लिंक ताणून मोजल्या तर ३२२ मिमी, नवीन असताना ३१७.५ असतात. तेल मारून दोन मोकळ्या झाल्या पण आता ही चेन ठेवत नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट बदलतोय, नवी चेन जुन्या दातांवर चढवली तर ती पण लवकर जाते.

राहिला तिसरा, न्यूट्रलला आयडलवर खडखड, क्लच दाबला की बंद. हा क्लच बास्केटचा (क्लच प्लेटा ज्यात बसतात तो डबा) वाटतोय, गरम झाल्यावर कमी होतो. गास्केट आणून ठेवलंय, येत्या रविवारी उजवं कव्हर उघडतो आणि बास्केटच्या खाचांचे फोटो टाकतो. कोणी या साइझच्या सिंगलमध्ये बास्केटचे स्प्रिंग ढिले झालेले बघितले असतील तर हाताने हलवून किती प्ले (ढिलेपणा) चालतो ते रविवारच्या आत सांगा.