तुम्ही विचारलंत म्हणून: फार्मसी शिकून कॉम्प्युटरपाशी कशाला?

लग्नकार्यात, सोसायटीच्या गच्चीवर, कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सगळीकडे एकच प्रश्न. बी.फार्म. करून तू कॉम्प्युटरमध्ये कशी गेलीस? आणि त्याच्या मागोमाग खरा प्रश्न: आमच्या मुलीला तिकडे जाता येईल का, कुठला कोर्स लावावा? इतकी वर्षं मी "गेलं जमून" म्हणून विषय बदलायचे. आता कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी कॉम्प्युटरमध्ये गेलेली नाही. मी फार्मसीतच आहे, रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमधली औषधांची बाजू बघते. मेडिकल टाकलं नाही, एमआर झाले नाही, सर्टिफिकेट कुणाच्या दुकानात भाड्यानं लावलं नाही, म्हणजे हिनं फार्मसी सोडली, असा आपल्याकडे हिशेब असतो. डॉक्टरनं औषध लिहिल्यापासून ते पेशंटच्या पोटात किंवा शिरेत जाईपर्यंत मध्ये बरंच काही घडतं. पूर्वी ते केसपेपर, इंडेंट बुक (वॉर्डातून औषधं मागवायची वही) आणि मामांच्या हातातल्या ट्रेमधून घडायचं. आता सॉफ्टवेअरमधून घडतं. तेव्हा मध्ये फार्मसिस्ट लागायचा, मग आता का नको? एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तेवढंच पटवण्यात निम्मं आयुष्य गेलं.

सुरुवात इन्सुलिनवरून झाली. मी रुग्णालयाच्या फार्मसीत नोकरीला होते. नवं सॉफ्टवेअर येणार म्हणून खरेदी विभागाची एक्सेल शीट उचलून तिलाच 'ड्रग मास्टर', म्हणजे औषधांची मूळ यादी, म्हणण्यात आलं. एकाच रकान्यात गोळ्या, बँडेज आणि फिनाइल. त्यात एक ओळ होती, 'इन्सुलिन रेग्युलर'. खरेदीला तेवढं पुरतं. पण आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत 40 युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिटचं. दहा मिलीची बाटली म्हणजे 400 युनिट, तीन मिलीचं कार्ट्रिज म्हणजे 300. सिरिंजही वेगळ्या, 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. डॉक्टर युनिटमध्ये लिहिणार, स्टॉक मिलीत वजा होणार आणि सिस्टर हाताशी असेल ती सिरिंज उचलणार. सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा हुशार होता, सज्जन होता. त्यानं विचारलं, "मॅडम, एमएल तर एमएलच ना?" त्या दिवसापासून सॉफ्टवेअरवाल्यांच्या खोलीतून मला कुणी उठवलं नाही.

हे ज्ञान कुठल्या कोर्सात मिळत नाही, काउंटरमागे उभं राहून मिळतं. स्ट्रिप कापली की एक्स्पायरी आणि बॅच नंबर एकाच तुकड्यावर राहतो, उरलेल्या चार गोळ्या अनाथ. सिस्टरनं इंडेंटला '10' टाकलं की दहा गोळ्या की दहा स्ट्रिप, यावरून रात्री दोन वाजता फोन येतात. परदेशी सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं बघून आमचे संचालक म्हणतात, पेशंटच्या खाटेपाशी प्रत्येक गोळी स्कॅन करू. आपल्या स्ट्रिपवर प्रत्येक गोळीला बारकोड असतो कुठे? 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तोसुद्धा वेष्टनावर, गोळीगणिक नाही. म्हणजे रुग्णालयानं प्रत्येक गोळी कापून, पुन्हा पाकिटात भरून, लेबल लावायला हवं. त्यासाठी लागणारी माणसं खर्चाच्या अंदाजात नसतात, स्कॅनर मात्र असतात.

आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर टाइप करतच नाहीत. ते कागदावर लिहितात आणि सिस्टर किंवा हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, ते सिस्टीममध्ये चढवतात. दोन औषधं एकमेकांशी भांडतात, असा लाल इशारा येतो तो त्या सिस्टरला. तिनं काय करायचं? निर्णय तिच्या हातात नाही. ती 'ओके' दाबते. डॉक्टर स्वतः टाइप करतात तिथेही फार वेगळं नाही. 2006 सालच्या एका अभ्यास-आढाव्यात असे इशारे डावलण्याचं प्रमाण 49 ते 96 टक्के निघालं होतं. तरी प्रत्येक निविदेत 'इशारे किती?' हा रकाना असतो आणि ज्याचे जास्त तो चांगला ठरतो.

आता ज्यावरून लोक कुजबुजतात ते सांगते. एका मोठ्या रुग्णालयाचं काम मी अर्धवट सोडलं. नाव घेणार नाही.

मेथोट्रेक्सेट आमवाताला आठवड्यातून एकदा देतात. रोज दिलं तर काही दिवसांत तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, माणूस दगावू शकतो. फार्मसीच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गोळ्यांना आपोआप 'ओडी', म्हणजे दिवसातून एकदा, लागत होतं. यादी उघडली की ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, आणि बरंच खाली सरकल्यावर 'वीकली'. मी ते लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, फेज टूमध्ये घेऊ.

चाचणीच्या दिवसांत एक मावशी डिस्चार्ज कार्ड घेऊन खालच्या काउंटरवर आल्या. जुन्या पेशंट, आमवाताच्या, बोटं वाकडी झालेली. कार्डावर छापलं होतं: टॅब मेथोट्रेक्सेट 10 मिग्रॅ, 1-0-0, 30 दिवस. म्हणजे रोज सकाळी एक. त्याच्याखाली फॉलिक अॅसिड. काउंटरवर आमचे जुने काका होते, निवृत्तीला आलेले, माउस दोन बोटांनी धरणारे. त्यांनी तीन स्ट्रिपा काढल्या, हातात धरल्या आणि विचारलं, "मावशी, ही गोळी कोणत्या वारी घेता?"

"ऐतवारी घेते की. का वो?"

काकांनी स्ट्रिपा ड्रॉवरमध्ये टाकल्या, कार्डावर पेनानं रेघ मारली आणि मला हाक मारली. मी वर जाऊन बघितलं. हाउसमननं 'एमईटीएच' टाइप केलं होतं, गोळी निवडली होती, आणि पुढचं सगळं सिस्टीमनं स्वतःच भरलं होतं. त्या मुलावर मी चिडू शकले नाही. छत्तीस तास जागा होता.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी त्या कार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. मेडिकल सुपरिंटेंडेंट म्हणाले, "म्हणजे सिस्टीम चालतेय की मॅडम! तुमच्याच माणसानं पकडलं ना?" मला काही सुचेना. मावशी जुन्या होत्या म्हणून त्यांना वार माहीत होता. नव्या असत्या तर? काकांच्या जागी त्या दिवशी नवा मुलगा असता तर? मी सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली. 2013 साली तिथल्या नामांकित विद्यापीठ रुग्णालयात एका सोळा वर्षांच्या मुलाला एका अँटिबायोटिकच्या साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या, कारण डॉक्टरनं 160 मिलिग्रॅम असं टाकलं आणि स्क्रीनवरचा एकक होता मिलिग्रॅम प्रति किलो. इशारे आले, डावलले गेले. गोळ्या यंत्रमानवानं अचूक मोजल्या. खाटेपाशी स्कॅनरनंही बरोबर म्हटलं. मुलगा वाचला, पण त्याला फिट आली होती. यावर टेबलाच्या टोकावरून कुणीतरी म्हणालं, "ते अमेरिकेत, मॅडम. आपले डॉक्टर डोळ्यांनी बघतात."

माझी मागणी साधी होती. हे औषध निवडलं की 'आठवड्यातून एकदा' यावं, वार निवडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि कार्डावर तो वार मराठीत छापला जावा. हेच औषध कर्करोगाच्या वॉर्डाला वेगळ्या डोसात लागतं, त्यांना वेगळी वाट ठेवावी. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, हा बग नाही, एन्हान्समेंट आहे, म्हणजे चूक नव्हे, वाढीव काम. त्याची अडचण खोटी नव्हती. नर्सिंग चार्ट चोवीस तासांच्या हिशेबानं बांधलेला होता, आठवड्याचं औषध त्यात बसतच नव्हतं, सगळं उलगडावं लागलं असतं. आणि गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करणं, दसऱ्याला ठरलं होतं. पाहुणे सांगितले होते, मॉनिटरना घालायच्या झेंडूच्या माळांची ऑर्डरसुद्धा गेली होती.

'फार्मसी मॉड्यूल तपासले, वापरास योग्य' या कागदावर माझी सही हवी होती. मी केली नाही. दोन दिवसांत दुसऱ्या कुणाची मिळाली. माझे उरलेले पैसे अडकले ते अडकलेच, आणि "बाई भांडखोर आहे" हे मात्र पुण्या-मुंबईत माझ्याआधी पोहोचलं.

इथे लोक म्हणतात, शाबास. त्यांना मी हे सांगत नाही की घरी नवऱ्यानं विचारलं होतं, "सही करून खाली शेरा का नाही मारलास? आत राहिली असतीस तर महिन्याभरात करून घेतलं असतंस." तेव्हा मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पस्तिशीतल्या त्या बाईला सही म्हणजे सगळं वाटत होतं. आज मला ठाऊक आहे की आतल्या माणसाला जे बदलता येतं ते बाहेर गेलेल्याला येत नाही. पण शेरे मारलेले कागद कुठल्या कपाटात जातात हेही आता मी बघितलंय. तेव्हा ती बरोबर होती की नवरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या रुग्णालयात पुढे ते दुरुस्त झालं का? विचारता आलं असतं. काकांचा नंबर आहे माझ्याकडे. मी विचारलेलं नाही.

असो. मुलीचं. फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी) किंवा मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना कोड देणं) यातली नोकरी म्हणजे हे नव्हे. वाईट नाही, पण हे नव्हे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकू दे, सहा महिन्यांत येतं. एफएचआयआर, म्हणजे आरोग्याची माहिती एका सिस्टीममधून दुसरीत पाठवायचं मानक, काय आहे ते वाचू दे, कारण 2021 पासूनचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्यावर उभं आहे. स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय संज्ञांचा कोडकोश, भारतात फुकट वापरता येतो, आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्रानं भारतीय औषधांसाठी सामायिक कोड बनवलेत, ते चाळू दे. पण त्याआधी एखाद्या रुग्णालयाच्या फार्मसीत रात्रपाळी करू दे. "एवढं शिकून रात्रपाळी?" असं तुम्ही म्हणणार, आणि म्हणूनच मी आजवर हे सांगत नव्हते.

अमेरिकेचं विचाराल तर तिथे फार्मसिस्टना या विषयाची खास रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदवीनंतरचं प्रशिक्षण, असते. पण तिथल्या फार्मसिस्टच्या परीक्षेसाठी 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांना पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. वर एम.फार्म. केलं की पाचाची अट भरते, असं क्लासवाले सांगतात, ते धरून चालू नका. आपल्याकडे 2008 पासून सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म.डी. त्यात बसतं. हे बारावीनंतरच कळायला हवं, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला नाही.

आणि पैसे. मिळतात, पण औषधसुरक्षेचे नाही. रुग्णालय पैसे मोजतं ते बिलिंग, स्टॉक, एक्स्पायरी आणि जीएसटी जुळवायला. म्हणून मी तीच कामं घेते. गेल्या खेपेला एका ठिकाणी एक्स्पायरी रिपोर्ट नीट करायला बोलावलं होतं. तेवढ्यात मेथोट्रेक्सेटच्या स्क्रीनवर वाराचा रकाना बसवून घेतला. कोटेशनमध्ये तो 'रिपोर्ट सुधारणा व इतर' या ओळीत आहे. अकाउंट्सनं पास केलं.