पिवळ्याने धरलं, हिरव्याने सोडलं

काकांनी फोन केला तेव्हा निदान त्यांनीच करून ठेवलं होतं. "ताई, अर्धं लॉन गेलंय. बुरशीच आहे. कुठलं औषध जोरात लागू पडतं तेवढं सांगा." औषध आधीच आणलेलं होतं आणि युरियाची गोणीही व्हरांड्यात येऊन पडली होती. त्यांना फक्त माझा होकार हवा होता. लॉन तयार रोलचं होतं, म्हणजे शेतात वाढवून मातीच्या थरासकट कापून आणलेल्या, गुंडाळलेल्या गवताच्या पट्ट्यांचं. ते रोल अंथरून दोन आठवडे होत आले होते. पाणी किती घालता, असं विचारलं तर उत्तर आलं, "भरपूर."

हे 'भरपूर' ऐकलं की मी फोनवर सल्ला देत नाही. फोटो मागवूनही फारसं कळत नाही, कारण करपलेलं, तहानलेलं, कुजलेलं आणि खोल कापलेलं असं सगळंच गवत फोटोत एकसारखं पिवळं दिसतं. मी त्यांना दुपारी येते म्हटलं, ते त्यांना आवडलं नाही. सकाळी या, गार असतं, म्हणाले. पण सकाळी दव असतं आणि मरायला टेकलेलं गवतही ताजं दिसतं. कुठे पाणी पोचत नाही ते कळतं टळटळीत उन्हात.

गेटमधून पाहिलं तेव्हा दृश्य खरंच वाईट होतं. हिरव्यात जागोजागी पिवळे-तपकिरी डाग, कुंपणाकडे निळसर-राखाडी पट्टा, आणि लांबच्या सखल कोपऱ्यात मात्र गर्द हिरवं, डोळ्यात भरावं असं गवत. काका मला थेट त्या कोपऱ्यात घेऊन गेले. "हे बघा, सगळं असं व्हायला हवं होतं."

मी आधी गच्चीवर जाऊ द्या म्हटलं. नव्या लॉनची तक्रार असली की मला ते एकदा वरून बघायचं असतं. खालून डाग दिसतो, वरून त्याचा आकार दिसतो. इथे डागांच्या कडा सरळ होत्या. पिवळी जागा म्हणजे नेमका एकेक रोल, लांबट आयत, आणि त्याला चिकटून असलेला शेजारचा रोल धडधडीत हिरवा. असे पिवळे आयत लॉनभर विखुरलेले होते. बुरशी सांधा बघून थांबत नाही. ती गोलाकार पसरते आणि एका रोलमधून दुसऱ्यात जाते. जमिनीचा किंवा पाण्याचा दोषही रोलच्या कडा मानत नाही. डाग रोलच्या मापाचा असेल, तर दोष रोलसोबतच आत आलेला असतो.

"काका, गाडी आल्यावर रोल किती वेळ पडून होते?"

ते जरा थांबले. गाडी सकाळीच आली होती. अंथरणारी माणसं त्या दिवशी आलीच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी उगवली. उन्हाने वाळू नये म्हणून काकांनी ढिगावर ताडपत्री घट्ट बांधून ठेवली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण ढिगाची सगळी हवा कोंडली गेली.

कापलेलं गवत जिवंतच असतं. ते श्वसन करत राहतं, साठवलेली साखर जाळतं आणि त्यातून उष्णता निघते. एकटा रोल ती हवेत सोडून देतो. एकावर एक रचलेल्या रोलमध्ये मात्र पोटातल्या रोलना ती बाहेर टाकायला वाट नसते, त्यामुळे ढीग आतून तापत जातो. कडेचे रोल तगतात, मधले भाजून निघतात. अंथरणारा जसा हाताला येईल तसा रोल उचलतो, म्हणून भाजलेले रोल लॉनभर विखुरले जातात. त्यातून अशी ठिगळं तयार होतात. कापल्यापासून 24 तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, रोल जमिनीवर गेले पाहिजेत असं आम्ही म्हणतो ते यासाठीच. ढिगात हात खुपसून गरम लागलं, आंबूस वास आला, तर रचलेले रोल लगेच सुटे करायचे, सावलीत पसरायचे आणि वर हलकं पाणी मारायचं. ताडपत्रीला आवळून बांधण्याची बंदी असावी, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

काकांच्या चेहऱ्यावर आता दुसराच हिशेब सुरू झाला. म्हणजे पिवळे रोल सगळे फेकायचे? त्यांनी एकाचा कोपरा धरला आणि ओढला.

तो हलला नाही.

मीही ओढून पाहिला. गवताची पाती हातात तुटून आली, पण रोल जमिनीला धरून बसला होता. सुरीने एक चौकोन कापून उलटा केला तर खाली पांढरी, बारीक मुळं जमिनीत शिरलेली. वरच्या कांड्याची साल नखाने खरवडली. आत ओलसर, फिकट हिरवं. पानं मेली होती, गवत मेलेलं नव्हतं. हे गवत म्हणजे हरळीच. हरळीला शेतातून हटवताना काश्या, म्हणजे तिची जमिनीतली खोडं, वेचून कंबर मोडते, ती का मोडते ते इथे दिसत होतं. मातीतलं आणि मातीवरून सरपटणारं खोड दोन्ही शाबूत असली, की पानांची तिला फारशी फिकीर नसते. प्रत्येक सांध्याला मूळ आणि कोंब फुटू शकतो.

सगळेच पिवळे रोल असे नव्हते हेही सांगायला हवं. तीन-चार ठिकाणी कांडी आतून तपकिरी, कडकडीत होती, आणि रोल अलगद उचलून आला. ते गेलेले होते. माझ्यासोबतच्या पोराला मी त्यांच्यावर चुन्याची खूण करायला सांगितली. बाकीचे वाचणार होते.

मग मी त्या अभिमानाच्या कोपऱ्याकडे गेले. काका मागून म्हणाले, "तिथं कशाला, ते उत्तम आहे." मी वाकून कड धरली आणि उचलली. आख्खा रोल सतरंजीसारखा वर आला.

खाली एकही नवीन मूळ नव्हतं. काळपट चिकट चिखल आणि तुंबलेल्या गटारासारखा वास. शेजारचा रोल उचलला, तोही आला, त्याच्या पलीकडचाही आला. सगळ्यात हिरवी जागा जमिनीला चिकटलेलीच नव्हती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण हिरवं होतं ना?"

हिरवं होतं, कारण रोलसोबत आलेल्या दोन-एक सेंटीमीटर मातीत ते जगत होतं आणि वरून सतत पाणी मिळत होतं. अशा स्थितीत गवत काही काळ छान दिसतं. पण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मूळ खाली जात नाही, असलेलं कुजतं. एक कडक ऊन किंवा पाण्याचा एक नागा, की तो कोपरा सगळ्यांच्या आधी गेला असता.

पाणी तिथेच का साचलं, ते लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून कळलं. बाकी लॉनमध्ये तो वीतभर सहज गेला. कोपऱ्यात दोन बोटं गेला आणि टणकन थांबला. बांधकामाच्या वेळी तिथे वाळू-खडीचे ढीग होते, गाड्या वळत होत्या. जमीन दाबून घट्ट झाली होती, आणि ती न खणता वर माती पसरून रोल अंथरले होते. अंथरणं हे कामाचं सर्वांत सोपं अंग आहे. खरं काम त्याआधी असतं: 10-15 सेंटीमीटर खोल खणणं, राडारोडा काढणं, पूर्ण कुजलेलं खत मिसळणं, घरापासून लांब हलका उतार देणं, आणि पायवाटेच्या पातळीपासून रोलच्या जाडीइतकी माती खाली ठेवणं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून तिथेच हात आखडतो.

कुंपणाकडच्या राखाडी पट्ट्याला फार वेळ लागला नाही. तिथे चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहत होते, पाती परत उभी राहत नव्हती. ही तहान. सारख्या आकाराचे रिकामे डबे लॉनभर ठेवून फवारे चालू केले. कोपऱ्यातले डबे भरत आले तेव्हा कुंपणाजवळच्या डब्याचा तळही धड झाकला नव्हता. एक फवारा झुडपामागे तोंड करून होता.

म्हणजे एकाच लॉनमध्ये भाजलेलं, बुडालेलं आणि तहानलेलं, असं तिन्ही गवत होतं, आणि बुरशी कुठेच नव्हती. बुरशीनाशक मी बंदच ठेवायला सांगितलं. युरिया तर मुळीच नको म्हटलं. कोवळ्या मुळांवर तो पडला तर क्षारांनी ती जळतात, आणि मुळं नसलेल्या गवताला खत घालून पालाच वाढवायचा म्हणजे आगीत तेल. नत्राचा पहिला हलका हप्ता महिन्याभराने, लॉन धरल्यावर.

पाण्यावरून मात्र काकांशी बरंच बोलावं लागलं. "ओलं ठेवा" असं त्यांना सांगून अंथरणारे निघून गेले होते, पण कधी थांबायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. अंथरल्याबरोबर, अर्ध्या तासाच्या आत, रोलखालची माती वीतभर भिजेल इतकं पाणी लागतं. पहिला आठवडा दिवसातून दोन-तीनदा हलकं, त्यातलं एक भर दुपारी, कारण मुळं नसलेल्या गवताला गारवा वरूनच द्यावा लागतो. रोल ओढल्यावर धरायला लागला की दिवसाआड, मग आणखी अंतर वाढवत, पण दर वेळी खोल. पूर्ण धरलेल्या हरळीला आठवड्याला पाऊस धरून साधारण 2.5 सेंटीमीटर पाणी एक-दोन पाळ्यांत पुरतं. अंतर पडलं की मूळ पाण्याच्या शोधात खाली जातं. संध्याकाळी मात्र नको, रात्रभर पाती ओली राहिली तर काकांची बुरशी खरंच येईल.

कोपऱ्यातले रोल आम्ही उचलून सावलीत सुटे पसरून ठेवले. चिखल वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर राहीपर्यंत, त्या जमिनीला हात लावला नाही. ओल्या मातीत कुदळ घातली की ढेकळं पडतात आणि सगळं आणखी दगड होतं. रोलवर रोज पाणी शिंपडत राहिलो. वाफसा आल्यावर खणलं, खत मिसळलं, उतार काढला आणि तेच रोल परत बसवले, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून, कडेला कड घट्ट भिडवून, वरून रोलर फिरवून.

मेलेले रोल काढले तिथे बी टाकू का, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पण त्यांच्या रोलसोबत आलेल्या कागदावर 'टिफवे 419' लिहिलं होतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी 1960 साली दिलेला हा वाण. साधी हरळी आणि तिची आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांचा तो संकर, आणि तो वांझ आहे, त्याला रुजणारं बी धरत नाही. बाजारातलं हरळीचं बी टाकलं असतं तर जाडसर, वेगळ्या रंगाची ठिगळं कायमची राहिली असती. रिकाम्या जागी भुसभुशीत माती भरली आणि शेजारच्या धावत्या कांड्यांवर काम सोपवलं. ऊन मिळालं तर ती एका हंगामात भरून काढतात.

नंतरच्या फोनवर कोपरा धरल्याची बातमी आली, आणि गवत कापायचं मशीन कधी फिरवू हा प्रश्नही. ओढून बघा, कुठेच उचलत नसेल तरच, माती कोरडी असताना, पातं धार लावून, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नाही. त्यांच्या साध्या मशीनने तीन-चार सेंटीमीटरवर ठेवा म्हटलं. त्याहून खाली गेलं की नुसती पिवळी कांडी उघडी पडतात.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगतच्या पट्ट्याला दिवसाला दोन तासही ऊन नव्हतं. हरळीला निदान सहा तास लागतात. तिथे ती विरळ होत जाईल, दगड बसवा, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. काकांनी हट्टाने तिथेही रोल ठेवले. पावसाळा सरेपर्यंत तिथली माती दिसू लागली. मग त्यांनी फोन करून कुठला दगड निसरडा होत नाही, एवढंच विचारलं.