शनिवार, सकाळी नऊ, बुशी पार्क

लेकीकडे लंडनला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी लंडन आय, मादाम तुसाँ, ग्रिनिच अशी भलीमोठी यादी तयार केली. माझं मागणं एकच होतं, एका शनिवारी सकाळी बुशी पार्क. "तिथे काय आहे?" असं जो तो विचारायचा. दर शनिवारी तिथे होणाऱ्या पार्करनमध्ये पाच किलोमीटर पळायचं आहे म्हटल्यावर, "ते वेताळ टेकडीवर रोज पळतेसच की!" हे ठरलेलं उत्तर यायचं.

लेक राहते किंग्स्टनला. थेम्सवरचा पूल ओलांडला की हॅम्प्टन विक लागतं आणि तिथल्या फाटकातून आत गेलं की बुशी पार्क सुरू होतं. पार्क म्हटल्यावर आपल्याला संभाजी बाग आठवते, पण हे साडेचारशे हेक्टरांच्या आसपास पसरलेलं रान आहे. आठवा हेन्री इथे हरणांची शिकार करायचा. हरणं अजूनही आहेत, शेकड्यांनी. आम्ही गेलो तो सप्टेंबर, म्हणजे नरांच्या माजाचा हंगाम. शिंगांत नेच्यांचा पाला अडकवून थोराड नर हंबरत फिरत होते. त्यांच्यापासून पन्नास मीटर लांब राहा, अशी सूचना आहे. धावणाऱ्यांना ती पाळता येते, पण सूचना हरणांना कुणी दिलेली नाही.

पार्काच्या मधोमध चेस्टनट ॲव्हेन्यू आहे. सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याकडे जाण्यासाठी आखलेला हा सरळसोट रस्ता. दुतर्फा हॉर्स चेस्टनटची झाडं आणि खाली चकचकीत तपकिरी बियांचा सडा. (खायच्या नाहीत. मी विचारून घेतलं.) याच रस्त्यावर गोल तळ्यात डायनाचं (राजकन्या नव्हे, रोमन देवी) कारंजं आहे आणि त्याच्या आसपास शनिवारी सकाळी माणसं जमू लागतात.

२ ऑक्टोबर २००४ रोजी इथे तेरा जण पळाले होते. पॉल सिंटन-ह्युइट हा पळण्याचं वेड असलेला माणूस दुखापतीमुळे घरी बसला होता, नोकरीही गेली होती. स्वतःला पळता येत नाही, तर निदान मित्रांची गाठ तरी पडावी म्हणून त्याने त्यांना बोलावलं. तुम्ही पळा, मी वेळ लावतो, मग सगळे कॉफी प्यायला जाऊ. कितवा नंबर आला ते कळावं म्हणून त्याने हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर आणून त्यांवर आकडे ठोकले होते. तेच आजचं पार्करन. वीसहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी. तरी दर आठवड्याला, तेच पाच किलोमीटर आणि तेही फुकट.

फुकट या गोष्टीबाबत ही मंडळी कडवी आहेत. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक इथल्या स्थानिक कौन्सिलने बागेच्या वापराबद्दल पैसे मागितले, तेव्हा यांनी पैसे न देता तिथलं पार्करनच बंद केलं. हे वाचलं तेव्हा मला हट्टीपणा वाटला होता. बुशीत उभी राहिल्यावर पटलं. एकदा वर्गणी आली की पावती येते, पावतीमागून मेडल आणि मेडलमागून प्रायोजकाचा फलक.

मुंबई मॅरेथॉनला नावं ठेवायची नाहीत हं मला. एक्स्पोत जाऊन छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, घेणं, काळोखात लोकल पकडून सीएसएमटी गाठणं, पेडर रोडच्या चढावर अनोळखी लोकांनी संत्र्याच्या फोडी हातात कोंबणं, याची सर कशालाच नाही. पण तो वर्षातून एकदा येणारा सण झाला. इथे पाणीसुद्धा कुणी देत नाही. घरून पिऊन या म्हणतात.

नऊला पाच-दहा मिनिटं असताना स्वयंसेवकांच्या झगझगीत जाकिटातल्या एका बाईंनी नवख्यांना गोळा करून नियम सांगितले. नावनोंदणी केल्यावर मिळालेला बारकोड जवळ नाही तर निकाल नाही, आणि ही शर्यत नाही. मग हजारभर माणसं एकदम सुटली. सपाट वाट, थोडं गवत, थोडी माती. पुढे हरणांच्याच वेगाने पळणारी पोरं, मध्ये आमच्यासारखी रोजची मंडळी, बाबागाडी ढकलत धावणारे बाप, कुत्र्यामागे ओढले जाणारे आजोबा. सगळ्यांत मागे टेल वॉकर. हा स्वयंसेवक मुद्दाम शेवटी चालतो, म्हणजे दुसऱ्या कुणावर शेवटचा नंबर येत नाही. काय साधी युक्ती आहे ही! कितीतरी जणी "मी शेवटची येईन" या एका भीतीपायी घरी बसतात.

सुरुवातीच्या वर्षांच्या मानाने पार्करनची सरासरी वेळ आता बरीच वाढली आहे, म्हणजे माणसं हळू झाली आहेत, आणि आयोजक हे अभिमानाने सांगतात. २०२४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावरून वेगाचे विक्रमही काढून टाकले. त्यावर बरीच ओरड झाली, आणि खरं सांगायचं तर माझी थोडी सहानुभूती ओरडणाऱ्यांना आहे. जीव तोडून पळणाऱ्या पोरीचं नाव एका कोपऱ्यात राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

शेवटी दोऱ्यांच्या बोळातून जाताना हातात कितवा नंबर आला त्याचं टोकन मिळालं. देणारे आजोबा म्हणाले, "कुठून आलात?" पुणे म्हटल्यावर म्हणाले, "गुडघे गेले तसा मी टोकनांवर आलो. इथूनही सगळे भेटतात."

मग फेजंट्री कॅफेत कॉफी. जावई तिथेच पेपर वाचत थांबले होते. निकालाचा मेल आला, त्यात टक्केवारी होती. आपल्या वयाच्या बाईची जगातली सर्वोत्तम वेळ आणि आपली वेळ यांचं गणित. पन्नाशी उलटल्यावर मिळालेले हे गुण मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. जावयांनी पेपर खाली ठेवला. "मला किती पडतील?"

पुढच्या शनिवारी मी जाकीट चढवून एका वळणावर उभी राहिले आणि टाळ्या वाजवत "चला, चला" ओरडत होते. इंग्रजांना ते बरोबर कळत होतं. जावई आले ते पार शेवटच्या घोळक्यात, एका पांढऱ्या केसांच्या आजींशी गप्पा मारत. मला बघून हात केला आणि जरा पळून दाखवलं. वळण संपताच पुन्हा आजींबरोबर चालू लागले.