दान लोकांनी पाहिले तर

रमजान जवळ आला की बीडमधील ओळखीचे लोक, त्यांत हिंदू मित्रही आले, हमखास एक प्रश्न विचारतात: दान देताना कोणी पाहिले, किंवा त्याचा फोटो मोबाइलवर फिरला, तर सवाब (पुण्य) जातो का? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

केवळ दिसल्याने तो जात नाही. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील (अध्यायातील) 271 व्या आयतीत (वचनात) उघडपणे दिलेले दानही चांगलेच म्हटले आहे; गुपचूप गरिबाच्या हाती पडलेले मात्र अधिक चांगले. त्याआधी, 264 व्या आयतीत, उपकार बोलून दाखवल्याने आणि घेणाऱ्याला दुखावल्याने दान वाया जाते असे बजावले असून, असा माणूस लोकांना दाखवण्यासाठी खर्च करणाऱ्याच्याच पंगतीत बसवला आहे. मला या आयतीत महत्त्वाचे वाटते ते हे, की देऊन झाल्यावरही दानाची परीक्षा संपत नाही.

सहीह बुखारी या संग्रहातील पहिलीच हदीस (पैगंबरांचे वचन), त्यांचे सोबती हजरत उमर यांनी सांगितलेली, कर्मे नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, अवलंबून असतात अशी आहे, आणि तिच्यातील उदाहरण हिजरतीचे (स्थलांतराचे) आहे: एक जण अल्लाह आणि रसूल (पैगंबर) यांच्यासाठी घर सोडतो, दुसरा दुनियेच्या लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी. वाट एकच, फळ मात्र ज्याच्या त्याच्या हेतूप्रमाणे. सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहातील एक हदीस याहून कठोर आहे. तिच्यात कयामतीला (अंतिम न्यायाच्या दिवशी) सर्वांत आधी शहीद, आलिम (धर्मपंडित) आणि दानशूर यांचा निवाडा होतो, आणि तिघेही लोकांच्या वाहवेसाठी केले म्हणून नाकारले जातात.

हे ऐकून काही जण घाबरतात आणि देणेच थांबवतात. ते मला पटत नाही. लोकांच्या भीतीने चांगले काम सोडणे हीसुद्धा रियाच (दिखावाच), असे जुने संत फुजैल बिन अयाज सांगत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तशा दिवसांत कोणी टँकरवर नाव रंगवले म्हणून मी त्याची नियत मोजायला बसणार नाही. पण रांगेतल्या बाईला हंडा भरण्याआधी कॅमेऱ्याकडे बघायला लावणे, याला मात्र माझ्याकडे माफी नाही.

जकात (बचतीतून दरवर्षी काढायचे बंधनकारक दान) देणाऱ्यांना म्हणून मी एक सवलत आवर्जून सांगतो: अडीच टक्के काढताना नियत मनात असली की पुरे, घेणाऱ्याला ती जकात आहे हे सांगावे लागत नाही; लाजणाऱ्या नातेवाइकाला ईदी (ईदची भेट) म्हणूनही देता येते.