शिंचा

‘शिंचा’ हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो सहज असे. पावसाळ्यात सर्दळलेल्या आगपेटीतली काडी दोनदा ओढूनही पेटली नाही, की ‘शिंची काडी’ म्हणत आजोबा ती चुलीकडे भिरकावत आणि पुढची काढत. राग तेवढ्यावरच निवे.

मुळात मात्र ही शिवी चांगलीच जहाल आहे. ‘शिंदळीचा’ या शब्दाचे हे आक्रसलेले रूप असून शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी स्त्री. हिंदीतला ‘छिनाल’ हा शब्दही याच कुळातला. म्हणजे शिवी द्यायची एकाला आणि बोल लावायचा त्याच्या आईला, ही आपल्याकडची जुनी रीतच येथेही आहे. पण बोलता बोलता मधली अक्षरे गळाली, ‘शिं’ आणि षष्ठीचा प्रत्यय एवढेच उरले, आणि ज्या नामावर सगळा घाव होता तेच दिसेनासे झाले. ‘च्यायला’मध्ये आई अजून ऐकू येते, ‘शिंच्या’मध्ये ती कोणाला आठवतही नाही. म्हणूनच जी माणसे मूळ शब्द घरात कधी उच्चारू देत नसत, तीच हा शब्द देवघरापासून चार हातांवर बसून वापरत.

प्रत्यय टिकल्यामुळे हा शब्द विशेषणासारखा लिंग-वचनाप्रमाणे चालतो: शिंचा पाऊस, शिंची कटकट, शिंचं कुलूप, शिंचे डास. माझ्या मते याचा खरा संसार अशा निर्जीव, हट्टी वस्तूंशीच आहे. माणसाला उद्देशून तो येतो तेव्हा समोरचा बरोबरीचा किंवा लहान असावा लागतो आणि ओळख मुरलेली असावी लागते. ‘अरे शिंच्या, होतास कुठे इतके दिवस?’ यात रागापेक्षा ओढच अधिक असते. वडीलधाऱ्यांना किंवा परक्याला असे म्हणणे मात्र उद्धटपणाच ठरे. बायका हा शब्द सहसा घेत नसत. त्यांचे काम ‘मेला’ आणि ‘मेली’ यांवर भागे, आणि त्यांचीही धार अशीच बोथटलेली असे.

व्युत्पत्ती कळल्यावर हा शब्द टाकून द्यावा, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण वापरणाऱ्याच्या मनात तो अर्थ उरलेलाच नाही. कुलूप उघडत नसताना मी तो आजही बिनदिक्कत वापरतो.