हरणांपासून राखलेले रान

एडिंबरोहून इन्व्हरनेसकडे जाणारी गाडी ड्रमॉक्टरची खिंड चढू लागते, तेव्हा दोन्ही अंगांना नुसते बोडके डोंगर दिसतात. करड्या-तपकिरी हेदरची झुडपे, काळसर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या, दलदलीतून वाहणारे ओहोळ आणि मे महिना सरत आला तरी माथ्यावर चिकटून राहिलेले बर्फाचे पट्टे, एवढाच तो ऐवज. डब्यातले बहुतेक प्रवासी या दृश्याचे फोटो काढण्यात रमलेले होते आणि दृश्य भव्य आहे यात शंका नाही. परंतु या उतारांपैकी बऱ्याच भागावर एके काळी पाइन आणि बर्चची राने होती, हे ठाऊक असले की त्या भव्यतेकडे थोडे निराळ्या नजरेने पाहिले जाते.

त्या रानांतले जे थोडे शिल्लक आहे, त्याचा एक मोठा तुकडा पाहण्यासाठी आम्ही एव्हिमोरला उतरलो आणि पुढे बोट ऑफ गार्टन या लहानशा गावात मुक्काम केला. गावाच्या पूर्वेला, स्पे नदी ओलांडली की ॲबरनेथीचे जंगल सुरू होते. हिमयुग ओसरल्यावर स्कॉटलंडमध्ये जे पाइनवन पसरले, त्याच्या मूळ विस्तारापैकी जेमतेम एक-दोन टक्केच आज उरले आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याचा सगळा दोष कुऱ्हाडीला देता येत नाही. काही हजार वर्षांपूर्वी हवामान अधिक ओले झाले, पीट वाढले आणि पाइन मागे हटला. पुढे माणसांनी शेती आणि चराईसाठी जमीन मोकळी केली, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत येथले ओंडके स्पे नदीतून समुद्राकडे सोडले जात असत, आणि दोन्ही महायुद्धांत तर लाकूडतोडीसाठी कॅनडाहून खास तुकड्या स्कॉटलंडमध्ये आल्या होत्या.

जंगलात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. सह्याद्रीतल्या देवराईत भरदुपारी काळोख असतो. येथे झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात आणि ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते. म्हणून जमिनीवर हेदर, ब्लेबेरी आणि शेवाळ यांचा पावले रुतावीत असा जाड थर असतो. स्कॉट्स पाइनचा बुंधा खाली करडा आणि खोल भेगांचा, तर वरच्या निम्म्या भागात साल पातळ होऊन नारिंगी दिसते. रात्री साडेनऊनंतरही रेंगाळणाऱ्या उन्हात तो रंग अधिकच उजळतो. 2014 साली या झाडाला स्कॉटलंडचा राष्ट्रीय वृक्ष म्हणून मान्यता मिळाली. जुन्या, फांद्या पसरलेल्या झाडांना येथे 'ग्रॅनी पाइन' म्हणतात, आणि त्यांच्यापैकी काही तीनशे वर्षांच्या घरातली आहेत.

वाटेच्या कडेला मुंग्यांची वारुळे दिसू लागली. ती मातीची नव्हेत, तर पाइनच्या सुकलेल्या सुयांची असतात. एखादे माझ्या कमरेपर्यंत आले. वरून पाहता ढीग निपचित वाटतो, पण वाकून पाहिल्यावर सगळा पृष्ठभाग सरकत असल्याचे ध्यानात येते. मी रुमाल वारुळावर क्षणभर धरला तेव्हा शेकडो मुंग्यांनी पोटे पुढे वळवून आम्लाचे फवारे मारले, आणि रुमालाला व्हिनेगरसारखा झणझणीत वास लागला. या मुंग्या पाइनवरच्या माव्याची राखण करतात, त्याच्याकडून मिळणारा गोड रस नेतात आणि त्या बदल्यात झाडावरच्या इतर किड्यांचा फडशा पाडतात.

खाली पडलेली पाइनची फळेही वाचता येतात. खारीने खाल्लेल्या फळाचे खवले मुळापासून कुरतडलेले असतात आणि टोकाशी चार खवल्यांचा शेंडा तेवढा उरतो. क्रॉसबिल पक्ष्याने खाल्लेल्या फळाचे खवले मात्र जागच्या जागी उभे चिरलेले दिसतात, कारण त्याच्या चोचीची दोन टोके एकमेकांना ओलांडून जातात आणि त्या कात्रीने तो खवले उचकटून बी काढतो. स्कॉटिश क्रॉसबिल हा जगात फक्त स्कॉटलंडमध्येच आढळणारा पक्षी. आम्हाला शेंड्यावर क्रॉसबिलांचा थवा दिसला, पण याच रानात त्याचे दोन भाऊबंदही राहतात आणि जाणकारसुद्धा आवाजाचे ध्वनिमुद्रण तपासून मगच निर्वाळा देतात. तेव्हा मी माझ्या वहीत नुसते 'क्रॉसबिल' एवढेच लिहिले. तांबडी खार मात्र निःसंशय दिसली. शेकरूचा झुबका पाहिलेल्या माणसाला ती चिमुकलीच वाटते.

गार्टनच्या तळ्याचे पाणी पीटमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे आहे. या तळ्याची ख्याती ऑस्प्रेमुळे, म्हणजे आपल्या उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात दिसणाऱ्या कैकरामुळे. अंडी आणि कातडी जमवणाऱ्यांच्या हव्यासापायी विसाव्या शतकाच्या आरंभी तो ब्रिटनमध्ये वीण करीनासा झाला होता. 1954 साली एका जोडीने येथे पुन्हा घरटे केले. 1958 साली, पहारा असतानाही, कोणीतरी रात्री झाडावर चढून अंडी पळवली आणि त्यांच्या जागी तपकिरी रंग फासलेली कोंबडीची अंडी ठेवली. त्यानंतर आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने धाडसी मार्ग पत्करला: घरटे लपवण्याऐवजी 1959 साली ते लोकांना दुरून पाहण्यासाठी खुले केले. आम्ही पाहिलेला कैकर मासा पंजांत धरून तळ्यावरून गेला. माशाचे तोंड उडण्याच्या दिशेला होते, ही या पक्ष्याची ठरलेली रीत.

येथवरचे सगळे कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. मला जे पाहायचे होते ते गुडघ्याखाली होते. हेदरमध्ये बसून शोधले की पाइनची रोपे सापडतात. पाइन दरवर्षी फांद्यांचा एक नवा मजला चढवतो, त्यामुळे मजले मोजून रोपाचे वय काढता येते. एक रोप आठ मजल्यांचे, सरळसोट आणि माझ्या छातीपर्यंत पोहोचलेले होते. शेजारचे दुसरे बोटभर जाड खोडाचे असूनही वीतभरच उंच होते, कारण त्याचा शेंडा दरवर्षी खुडला गेला होता. खुडणारे होते हरीण.

स्कॉटलंडमधले लांडगे सतराव्या-अठराव्या शतकाच्या सुमारास संपले आणि लिंक्स हे मोठे रानमांजर त्याच्याही कितीतरी आधी. एकोणिसाव्या शतकात धनिकांनी शिकारीच्या हौसेखातर मोठमोठ्या इस्टेटींवर तांबड्या हरणांची जोपासना केली. परिणामी जुनी झाडे उभी राहिली, पण त्यांच्या खाली नवी पिढी आलीच नाही. आरएसपीबीने 1988 साली ॲबरनेथीचा मोठा भाग विकत घेतला तेव्हा कुंपण घालावे की हरणे मारावीत, हा प्रश्न होता. कुंपणाच्या तारांवर आदळून कॅपरकेली मरतात. टर्कीएवढा हा रानकोंबडा ब्रिटनमधून अठराव्या शतकात नामशेष झाला होता, 1837 साली स्वीडनहून आणून पुन्हा सोडला गेला, आणि 2021-22 च्या गणनेत त्याची संख्या केवळ 542 भरली. त्यामुळे कुंपणे काढून हरणांची संख्या बंदुकीने कमी करण्याचे ठरले. काळविटाच्या शिकारीवरून वर्षानुवर्षे खटले चालणाऱ्या देशातून गेलेल्या माणसाला पक्षिसंरक्षण संस्थेने शिकारी नेमणे चमत्कारिक वाटते. मलाही वाटले, पण लांडगा परत आणण्याची तयारी नसेल तर त्याचे काम कोणालातरी करावेच लागणार, आणि ती छातीएवढी रोपे पाहिल्यावर या निर्णयाविरुद्ध बोलायला मला काही सुचले नाही.

आज शेजारच्या जमिनी मिळून सुमारे 600 चौरस किलोमीटरवर 'केर्नगॉर्म्स कनेक्ट' हा जंगल पुन्हा वाढवण्याचा उपक्रम चालतो आणि त्याने स्वतःला 200 वर्षांची मुदत दिली आहे. रायव्होनच्या खिंडीकडे चढत गेल्यावर जंगलाची कड मागे पडते, आणि तरीही हेदरमधून सुटी सुटी रोपे वर वर चढलेली दिसत राहतात.

जाणाऱ्यांनी मेचा उत्तरार्ध निवडावा. पुढे मिज नावाची चिलटे उभे राहू देत नाहीत. गोचिडींसाठी विजार मोज्यांत खोचावी. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जवळपास कोठेही चालण्याचा हक्क दिला आहे. मात्र एप्रिल ते ऑगस्ट या काळात कॅपरकेलीच्या विणीसाठी पायवाट सोडू नये आणि कुत्रा मोकळा ठेवू नये अशी येथे विनंती केलेली असते, आणि आम्हाला भेटलेले सगळेच ती पाळत होते.